काळी पूड आणि हुकलेलं नोबेल

परवा रविवारी सकाळी मामांचा फोन आला. ते रविवारी सकाळी सहसा फोन करत नाहीत, त्यामुळे मी जरा धसकूनच उचलला. तब्येती बऱ्या होत्या. विषय होता त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण. पीएचडीचं तिसरं वर्ष, वय सत्तावीस, आणि पाच महिने फेलोशिपचा पत्ता नाही. "तू तुझ्या कंपनीत तिचा बायोडाटा टाक. डेटा सायन्सचा एखादा कोर्स करायला लावू. तुझं ऐकते ती. आणि मला एक सांग, ती जे काय करतेय त्याचा उपयोग काय?"

मामा आयुष्यभर बँकेत होते, त्यामुळे 'उपयोग' हा शब्द ते साधारण 'तारण' या अर्थाने वापरतात. मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

सोमवारी लंचला हा विषय टेबलावर निघाला. ती कशात पीएचडी करते असं एकाने विचारलं. मी म्हटलं, थरांची रचना असलेली धातूंची ऑक्साइडं, त्यांचं चुंबकत्व. लगेच उत्तर: "अरे, म्हणजे ते आपलं नोबेल हुकलं तेच ना? बंगळुरूत बाटलीत पडलेलं होतं म्हणे, कुणी थंड करून बघितलंच नाही!" मग आपले लोक कसे संधी घालवतात यावर वीस मिनिटं प्रवचन. सगळ्यांनी माना डोलावल्या. (आमच्या टेबलावर ताकाबरोबर रोज थोडी देशाची चिंता लागतेच.)

मामांचा प्रश्न आणि टेबलावरचा उसासा, दोन्ही माझ्या डोक्यात गेले. वरवर पाहता ही दोन विरुद्ध टोकं वाटतात. एकाला विज्ञान म्हणजे वेळ घालवणं वाटतं, दुसऱ्याला नोबेल न मिळाल्याचं दुःख. पण माझ्या मते हा एकच आजार आहे. दोघांनाही फक्त शेवटचं पान वाचायचंय, आणि मधली चारशे पानं कुणीतरी लिहावी लागतात हे दोघांच्याही गावी नाही. कबूल करतो, वर्षापूर्वी मीही तिला जवळजवळ हेच ऐकवलं होतं. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यातला निम्मा राग स्वतःवरचा आहे.

आधी ती करते काय ते सांगतो. लँथनम ऑक्साइड आणि निकेल किंवा तांब्याचं ऑक्साइड मोजून घ्यायचं, अगेटच्या खलात तासन् तास घोटायचं, दाबून गोळी करायची, हजारेक अंशांच्या भट्टीत ठेवायची, बाहेर काढून पुन्हा घोटायची, पुन्हा भट्टी. शेवटी हातात येते ती काळी पूड. दिसायला काजळी आणि हिच्यात काही फरक नाही. यातली गंमत (तिची, माझी नव्हे) अशी, की लँथनम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. ते तसंच तोललं तर वजनात पाणीही मोजलं जातं आणि अख्खं प्रमाण बिघडतं. म्हणून आधी ते भाजायचं, गरम असतानाच कोरड्या डब्यात घालायचं, मग तोलायचं. "दादा, पावसाळ्यात माझं सगळं काम या एका पांढऱ्या पावडरीशी भांडण्यात जातं," ती म्हणाली होती. मी हसलो होतो. आमच्याकडे बिल्ड तुटला की स्क्रिप्ट पुन्हा चालवतात. तिच्याकडे बिल्ड तुटलाय हे तीन आठवड्यांनी कळतं.

आता ही पूड आतून कशी असते? दिवाळीतला चिरोटा आठवा. पापुद्रा, साटा, पापुद्रा, साटा. दोन भाग लँथनम, एक भाग तांबं, चार भाग ऑक्सिजन असं जे ऑक्साइड आहे, त्यात तांबं आणि ऑक्सिजनचा सपाट पापुद्रा असतो आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये लँथनम-ऑक्सिजनचा साटा. प्रत्येक तांब्याभोवती सहा ऑक्सिजन, अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर. पण सहाही सारखे नाहीत: पापुद्र्यातले चार जवळ, सुमारे १.९ अँगस्ट्रॉमवर, आणि वरचा-खालचा दूर, सुमारे २.४ वर. थर मुळातच वेगळे, त्यात हे अष्टफलक उभे ताणलेले. म्हणजे जे काही घडायचं ते पापुद्र्याच्या आतच घडणार.

आणि घडतं काय, तर चुंबकत्व. तांब्याच्या प्रत्येक आयनवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, म्हणजे एक इवलासा चुंबक. शेजारच्या दोन तांब्यांच्या बरोबर मधोमध, सरळ रेषेत, एक ऑक्सिजन बसलेला. या ऑक्सिजनच्या मध्यस्थीने दोन शेजारी एकमेकांच्या विरुद्ध तोंड करतात. एक वर, एक खाली. अख्खा पापुद्रा बुद्धिबळाच्या पटासारखा: काळ्या घरात वर, पांढऱ्या घरात खाली. बेरीज शून्य. म्हणून ही पूड लोहचुंबकाला चिकटत नाही, आणि म्हणूनच तिच्या आत काय चाललंय हे कळायला फार उशीर लागला. पापुद्र्यातल्या शेजाऱ्यांमधली ही ओढ जबर आहे, तापमानाच्या भाषेत सुमारे १५०० केल्विन. पण वरचा पापुद्रा अर्ध्या घराने सरकलेला असतो. त्यातला तांब्याचा अणू खालच्या चार घरांच्या मधोमध येतो, दोन वर तोंड केलेले, दोन खाली. तो बिचारा कुणाचं ऐकणार? त्यामुळे थराथरांत समेट व्हायला सुमारे ३२५ केल्विनपर्यंत खाली यावं लागतं. तेही ऑक्सिजन अगदी अचूक असेल तर. भट्टीत ऑक्सिजन किंचित जास्त शिरला की हा आकडा धाडकन कोसळतो. एकाच नावाच्या दोन गोळ्या, दोन प्रयोगशाळा, दोन वेगळी उत्तरं. चिडचिड होणार नाही तर काय!

या कुटुंबाचा अभ्यास १९५०च्या दशकात सुरू झाला. पोटॅशियम निकेल फ्लोराइडची रचना तेव्हा उलगडली, आणि रडल्सडेन आणि पॉपर यांनी १९५७-५८ मध्ये स्ट्रॉन्शियम टायटेनियम ऑक्साइडांत तीच रचना आणि तिचे जाड थरांचे भाऊबंद दाखवले. १९७३ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये लाँगो आणि राका यांनी आपल्या तांब्याच्या ऑक्साइडची रचना नीट मांडली. त्याच वर्षी भारतातून गांगुली आणि सी. एन. आर. राव यांचा या कुटुंबातल्या ऑक्साइडांमधून वीज कशी वाहते यावरचा पेपर आला. १९८४ मध्ये, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये असताना, या दोघांनी थरांच्या ऑक्साइडांची स्फटिकरचना आणि चुंबकीय गुणधर्म यांचा एक सविस्तर आढावा लिहिला. कुठला धातू घातला की अष्टफलक किती ताणले जातात, चुंबकत्व कसं बदलतं, असा सगळा हिशोब. बातमी होण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

दोन वर्षांनी बॉम्ब फुटला. झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर १९८३ पासून ऑक्साइडांमध्ये अतिवाहकता शोधत होते. सुरुवात त्यांनी निकेलच्या ऑक्साइडांपासून केली होती, आणि हाताला काही लागत नव्हतं. मग बेडनॉर्ट्झच्या वाचनात एक फ्रेंच पेपर आला. मिशेल, एर-राखो आणि राव्हो यांनी बेरियम-लँथनम-तांब्याचं एक ऑक्साइड बनवलं होतं, ते धातूसारखं वीज वाहून नेतं असं दाखवलं होतं. मोजमाप कुठपर्यंत? ३०० अंश सेल्सियसपासून उणे १०० पर्यंत. झुरिकच्या जोडीने तसला पदार्थ बनवला, आणखी खाली नेला, आणि जानेवारी १९८६ मध्ये तिशीतल्या केल्विनला, म्हणजे साधारण उणे २४० सेल्सियसला, त्याचा विद्युतरोध कोसळताना दिसला. १९८७ चं नोबेल त्यांना मिळालं.

आता बोला, कुणाचं नोबेल हुकलं? फ्रेंचांचं? त्यांच्या हातात पदार्थ होता. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांचं? त्यांनी १९७९ मध्येच स्ट्रॉन्शियम घातलेलं लँथनम-तांबं ऑक्साइड बनवून छापलं होतं. अमेरिकनांचं? लिंकन लॅबमध्ये रचना मांडून तेरा वर्षं झाली होती. बंगळुरूचं नाव या रांगेत चौथं. एवढी सगळी मंडळी 'चुकली' असतील तर ही भारतीय माणसाची खोड कशी? शिवाय ज्या बाटलीबद्दल आपण गळे काढतो, त्यातला शुद्ध पदार्थ अतिवाहक नाहीच. तो वर सांगितलेला, बुद्धिबळाच्या पटात अडकून पडलेला, वीज न वाहणारा पदार्थ. शंभरातला एखादा लँथनम काढून तिथे स्ट्रॉन्शियम बसवलं की पट विस्कटायला लागतो, सातआठच्या आसपास नेलं की ३८ केल्विनच्या खाली अतिवाहकता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे असल्या विटेच्या जातभाईला महागड्या द्रव हीलियमच्या तापमानाला नेऊन बघणं म्हणजे जवळजवळ वेडेपणाच. ज्यांनी केला त्यांना सलाम. ज्यांनी केला नाही त्यांना गाढव ठरवण्याचा अधिकार मात्र आम्हाला, जावास्क्रिप्टचे फ्रेमवर्क बदलत पोट भरणाऱ्यांना, कुणी दिला?

उलट झालं ते बघा. १९८७ उजाडल्यावर जगभर पळापळ झाली. मार्चच्या १८ तारखेला न्यूयॉर्कच्या हिल्टनमध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू झालेलं सत्र पहाटे तीनपर्यंत चाललं. आणि त्या धावपळीत बंगळुरूचा गट पहिल्या काही गटांत होता. का? कारण पदार्थ परका नव्हता. भट्टी होती, प्रमाणं माहीत होती, ऑक्सिजनच्या खोड्या माहीत होत्या. हे सगळं आयत्या वेळी विकत मिळत नाही हो. बुद्धिबळाच्या पटाचा थेट पुरावाही न्यूट्रॉन वापरून १९८७ मध्येच मिळाला. म्हणजे 'निरुपयोगी' चुंबकत्वाचा प्रश्न अतिवाहकतेच्या गडबडीत एकदम मध्यभागी आला. तो अजून तिथेच आहे. हा पट विस्कटताना अतिवाहकता का उगवते यावर चाळीस वर्षांनीही एकमत नाही.

"ते सगळं ठीक, पण उपयोग?" मामा विचारणारच. मग उपयोगाचंही बोलू.

१९५२ मध्ये जॉन गुडइनफ नावाचा तरुण लिंकन लॅबमध्ये लागला. काम: कॉम्प्युटरच्या मेमरीसाठी ऑक्साइडच्या बारक्या चुंबकीय कड्या नीट बनवणं. एक कडी, एक बिट. प्रोग्राम कोसळला की आपण आजही ज्याला 'कोअर डंप' म्हणतो, तो कोअर म्हणजे या कड्या. तिथे काम करता करता त्याने आणि स्वतंत्रपणे जपानच्या कानामोरीने नियम काढले: दोन धातूंमधला ऑक्सिजन सरळ रेषेत असेल तर चुंबक कसे वागतील, काटकोनात असेल तर कसे. कड्या कधीच म्युझियममध्ये गेल्या. नियम राहिले. १९७६ मध्ये गुडइनफ ऑक्सफर्डला गेला आणि १९८० मध्ये त्याच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला. यातही थर आहेत, फक्त इथे अष्टफलक कोपऱ्याने नव्हे तर कडेने जोडलेले, ऑक्सिजनचा कोन काटकोनाजवळ, आणि थरांच्या मध्ये लिथियम ये-जा करतं. १९९१ मध्ये सोनीने त्यावर बॅटरी बाजारात आणली. तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर बहुधा याच कुटुंबातलं काहीतरी तुमच्या तळहातावर आहे. गुडइनफला नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी.

आणि चुंबकत्व इथेही सुटत नाही. कोबाल्ट महाग म्हणून निकेल घालायला जावं, तर निकेलचे काही अणू आगाऊपणे लिथियमच्या थरात जाऊन बसतात आणि लिथियमची वाट अडवतात. किती बसले हे ओळखायची एक पद्धत म्हणजे पदार्थाचं चुंबकत्व मोजणं. हे मामांना सांगायला हवं, त्यांना कदाचित आवडेल: चुंबक इथे ऑडिटरचं काम करतो.

पण खरं सांगू? हा उपयोगाचा युक्तिवाद मला स्वतःलाच पुरत नाही. कारण त्यातून असा समज होतो की चाळीस वर्षांनी बॅटरी निघाली म्हणून ते काम चांगलं होतं, आणि निघाली नसती तर वाईट. कड्यांच्या नियमांवर डोकं घासताना गुडइनफला फोन दिसत नव्हता. १९५७ मध्ये कुणी 'उपयोग' विचारला असता तर ते त्या माणसांना सांगता आलंच नसतं. ज्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देणं शक्यच नाही, तो प्रश्न विचारून पैसे वाटायचे म्हणजे खोटं बोलणाऱ्यांना बक्षीस द्यायचं. प्रत्येक प्रपोजलच्या शेवटी 'ऊर्जा, आरोग्य आणि क्वांटम तंत्रज्ञानात उपयुक्त' हे वाक्य आपोआप येतं ते यामुळेच.

जुलै २०२३ आठवतोय? २२ तारखेला कोरियातून एलके-९९ची बातमी आली. खोलीच्या तापमानाला अतिवाहकता! आमच्या ऑफिसात दोन स्टँडअप त्यात गेले, व्हिडिओ फिरले, कुणी शेअर्सही शोधले. ऑगस्टमध्ये कळलं की विद्युतरोधाची ती उडी तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीची होती. त्याच्या दहाच दिवस आधी, १२ जुलैला, 'नेचर'मध्ये चीनच्या सुन यात-सेन विद्यापीठातल्या गटाचा पेपर आला होता: दोन-दोन पापुद्रे जोडलेल्या लँथनम निकेल ऑक्साइडमध्ये, प्रचंड दाबाखाली, ८० केल्विनच्या आसपास अतिवाहकतेची चिन्हं. द्रव नायट्रोजनच्या ७७च्या वर! नंतर इतर प्रयोगशाळांनाही ते दिसलं. आमच्या ऑफिसात एकानेही त्याचं नाव काढलं नाही. हा पदार्थ नवा नव्हता. १९९४ मध्येच त्याची रचना आणि गुणधर्म छापून आले होते, आणि लेखकांत पुन्हा आपले गुडइनफ आजोबा. एकोणतीस वर्षं तो पेपर शांतपणे पडून होता. माझी मामेबहीण याच कुटुंबाच्या एका कोपऱ्यात काम करते, आणि हे मला कळलं कधी? परवा, मी पहिल्यांदा नीट विचारलं तेव्हा. तोवर मी फक्त "कधी संपणार?" एवढंच विचारत होतो.

सगळंच संशोधन थोर असतं असं मी म्हणत नाही. दहा टक्के हे घातलं, वीस टक्के ते घातलं, तीन आलेख काढले, छापून टाकलं, असल्या पेपरांचे ढीग आहेत. तीही म्हणते आहेत. तिच्या मते त्यातल्या निम्म्यांनी ऑक्सिजन मोजलेलाच नसतो, म्हणजे आकडा कुठल्या पदार्थाचा आहे हेच माहीत नाही. पण हा कचरा ओळखतं कोण? शेजारच्या खोलीत तीच पूड घोटणारं कुणीतरी. मामा नाही, मी नाही, आणि 'उपयोग' नावाचा रकाना तर नाहीच नाही.

२०२०-२१ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना आणली. भर खासगी क्षेत्रावर, आणि पैसे अशा कामांना जी एका ठरावीक तयारीच्या पुढे गेली आहेत. चांगलंच आहे, मिळू देत. पण तिथवर पोचेपर्यंतच्या भट्ट्या कोण पेटवणार? जानेवारी २०२३ पासून ज्युनियर फेलोशिप महिना ३७ हजार आहे, सीनियर ४२. आकडा वाईट नाही, आला तर. तो पाच महिने न येणं ही 'प्रशासकीय अडचण' असते, आणि त्यामुळे तिने भाडं मैत्रिणीकडून उसनं घेणं ही तिची 'निवड' असते! आमच्याकडे पगार दोन दिवस उशिरा आला असता तर दुपारपर्यंत निम्म्यांनी राजीनामे टाइप केले असते.

तिला काल रात्री फोन केला. बायोडाटाचं म्हणालो नाही. पैशांचं म्हणालो. तीन महिन्यांचं भाडं पाठवतो, फेलोशिप आली की परत कर. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा, व्याज किती लावणार? बाबांना विचारून सांग." मी म्हटलं, व्याज म्हणून पुढच्या वेळी आलो की ती भट्टी दाखव. ती म्हणाली, दाखवते, पण सोमवारपर्यंत येऊ नकोस, सॅम्पल आत आहे आणि लाइट गेले तर माझं डोकं ठिकाणावर नसेल.

मामांना अजून फोन केलेला नाही. आज संध्याकाळी करतो.